पाणचक्कीचे पाते आणि बिनतारी ड्रायव्हर



संगणकावर वाय-फायचा ड्रायव्हर कसा तयार करावा, हा विषय वसंतातल्या संध्याकाळी कोणास रुक्ष वाटला तर नवल नाही. परंतु ज्या शहरात पाणचक्की आहे, तेथे तो समजावून देणे आम्हांस अवघड वाटत नाही. दूरच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून येते, उंचावरून पडते आणि त्याच्या जोराने जाते फिरते. पाणी आहे, जातेही आहे; पण मध्ये पाते नसेल तर पीठ पडायचे नाही. संगणकात एका बाजूस कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, असतो आणि दुसऱ्या बाजूस वाय-फायची चिप. त्या दोघांमधले पाते म्हणजे ड्रायव्हर.

आमच्या पुतणीच्या अभ्यासासाठी आम्ही एक जुना लॅपटॉप घेतला. नवी यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यावर लिनक्स बसवले. पडदा उजळला, आवाज आला; वाय-फाय मात्र दिसेना. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, उपलब्ध होता. तो आपणच कंपाइल करावयाचा होता.

सोर्स म्हणजे काय? हिमरूचा नमुना हाती असला तर विणकर दुसऱ्या मागावरही ते कापड विणू शकतो. कंपाइल करणे म्हणजे नमुन्यावरून आपल्या मागासाठी कापड विणणे. त्यासाठी कंपायलर लागतो, आणि चालू कर्नलच्या बरोबर त्याच आवृत्तीच्या हेडर फायली लागतात. त्या आणायच्या इंटरनेटवरून, आणि इंटरनेट तर नाही! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. शेवटी मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला, तेव्हा वाट मिळाली.

‘मेक’ ही आज्ञा दिली, आणि चुकांची रांग लागली. सोर्स जुन्या कर्नलसाठी लिहिलेला; मधल्या काळात कर्नलच्या आतल्या रचना बदललेल्या. कोणा अनोळखी माणसाने केलेली दुरुस्ती त्यात घातली, तेव्हा काम झाले. आठ दिवसांनी कर्नल सुधारला गेला आणि वाय-फाय पुन्हा गेले! एका आवृत्तीसाठी विणलेले दुसरीस सहसा चालत नाही. दर वेळी आपोआप पुन्हा विणून देणारी डीकेएमएस नावाची सोय आहे, हे आम्हांस तेव्हा कळले.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप का? लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले आणि पुढल्या वर्षी ते जीपीएल परवान्याखाली आणले. म्हणजे वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क सर्वांस मिळाला. चिपांची माहिती मात्र पुष्कळदा बंद राहिली. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली कर्नलमध्ये आला. २०१० साली त्या कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. आपल्या देशात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून वापरण्यास मोकळा झाला. लहरी मोकळ्या झाल्या, तरी यंत्राची भाषा मोकळी होतेच असे नाही. आजही अनेक चिपांच्या पोटातले फर्मवेअर बंदच असते. ही उणीव आम्ही लपवीत नाही.

प्रत्येकाने घरी कंपाइल करीत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. यंत्र घेण्यापूर्वी त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, एवढे विचारावे. कारण प्रश्न एका वाय-फायचा नाही. जे यंत्र चांगले चालते, ते केवळ त्याची भाषा कोणी सांगत नाही म्हणून भंगारात जावे काय, आणि त्यापायी गरीब घरातल्या मुलीचा अभ्यास अडावा काय, हा प्रश्न आहे.

आमच्या पुतणीचा अभ्यास सुरू झाला. आता कर्नल बदलला की ती आम्हांस हाक मारीत नाही. आपले आपण पाहून घेते. हे सांगताना आम्हांस जो आनंद होतो, तो आपल्या पदरी घालून आम्ही आपली रजा घेतो.