मागच्या दिव्यांचें गाऱ्हाणें



उरणकडून पनवेलकडे रात्रीं मोटारीनें येण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर आला असेल. न्हावा-शेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून या भागांत कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रहदारी वाढतच गेली. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे सुमारें बारा मीटर लांबीची लोखंडी खोलीच. अंधारांत ही खोली चालली आहे कीं थांबली आहे, हें सांगणारे मागचे तांबडे दिवे. ते मुके कां होतात, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी मॅट्रिक झालेला सामान्य शाळामास्तर. यंत्रांतला तज्ज्ञ नव्हे. मुलांना विजेचा धडा मीं वर्षानुवर्षें शिकविला. मला स्वतःला मात्र तो गेल्या पावसाळ्यांत कळला.

माझा एक जुना विद्यार्थी ट्रेलर चालवितो. श्रावणांतल्या एका रात्रीं करळ फाट्याजवळ त्यानें ब्रेक दाबला आणि मागून येणारा मोटारसायकलवरील तरुण ट्रेलरपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. तो उतरून पुढें आला आणि कांपऱ्या आवाजांत एवढेंच म्हणाला, "दादा, तुमचा दिवा लागला नाहीं हो." त्यानें शिवी दिली असती तर मी विसरून गेलों असतों, असें माझा विद्यार्थी मला सांगत होता. महिन्याभरांत त्यानें तीनदां बल्ब बदलले होते. दिवे दोन दिवस लागत आणि पुन्हां रुसत. "गुरुजी, तुम्ही एकदां पाहावयाला याल का?" असें तो म्हणाला, आणि रविवारीं आम्ही कळंबोलीला एका वयोवृद्ध वायरमनकडे गेलों.

त्या गृहस्थांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं नुसतें पाहिलें. ब्रेक दाबला कीं तांबडा दिवा मिणमिणे आणि भलताच दिवा मंदपणें उजळे. ते म्हणाले, "बल्ब चांगला आहे, अर्थ गेला आहे." मी मनांत ओशाळलों. वीज दिव्यापर्यंत येते, तशी तिला परत जाण्याची वाटहि लागते, हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें होतें! पुढच्या गाडींतून ट्रेलरकडे जाणाऱ्या केबलच्या टोंकाला सात पिनांचा प्लग असतो. त्यांतील एक पीन डाव्या इंडिकेटरची, एक उजव्याची, एक ब्रेकची, अशी वांटणी असते. आणि एक पीन सर्वांची मिळून परतीची, म्हणजे अर्थची. ती गंजली कीं सर्वच दिव्यांची परतीची वाट अडते. मग वीज दुसऱ्या दिव्यांतून उलटी शिरून मार्ग शोधते. कधीं ती ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी खुंट्यांतून परत जाते. पण तेथें ग्रीस असतें, म्हणून वळणावर दिवा लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो.

त्यांनीं बॅटरीच्या ऋण टोंकापासून एक जाड तार थेट ट्रेलरच्या सांगाड्याला लावली. सर्व दिवे लख्ख लागले! रोग सांपडला. प्लगमधली हिरवी पडलेली पीन आणि सांगाड्यावरचा गंजलेला बोल्ट पॉलिश-कागदानें घासून, घट्ट आवळून, वर ग्रीसचा हात फिरविला. खर्च चहाच्या दोन कपांहून अधिक नव्हता. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या आपल्या भागांत हा रोग पुन्हां उद्भवणार, हेंहि त्यांनीं बजावलें.

त्यांची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकच दिवा गेला, तर बल्ब आणि होल्डर पाहावा. दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे गेले, तर फ्यूज, ब्रेकचा स्विच आणि त्यांची तार पाहावी. सर्वच मंद झाले किंवा एकाऐवजीं दुसरा उजळला, तर आधीं अर्थ. प्लग काढून पुढच्या गाडीच्या सॉकेटवर दिवा लावून पाहावा. तो नीट लागला तर दोष मागें, न लागला तर पुढें. नुसत्या मीटरवर विसंबूं नये. तारेंतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर चोवीस व्होल्ट दाखवितो. दिव्याचें ओझें पडलें म्हणजेच खरें तें कळतें. आणि फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याजागीं जाड तार घालूं नये. कोठेंतरी तार घांसून सांगाड्याला टेंकली आहे, हें तो बिचारा सांगत असतो. त्याचें तोंड बंद केलें तर तार पेटेल.

आपण म्हणाल, आम्ही ट्रेलर थोडेच चालवितों? खरें आहे, परंतु आपण त्याच्या मागून जातों. ताशीं साठ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत जवळजवळ सतरा मीटर जाते. पुढचा थांबतो आहे हें कळावयास सेकंदाचा विलंब झाला, तर त्या कंटेनरच्या लांबीहून अधिक अंतर हातचें गेलें! म्हणून अंतर राखावें. आणि एखाद्या ट्रेलरचा दिवा बंद दिसला, तर पुढच्या नाक्यावर किंवा पंपावर गांठ पडल्यास चालकाला गोड शब्दांत सांगावें. स्वतःचा मागचा दिवा कोणालाच दिसत नाहीं.

माझा विद्यार्थी आतां रोज निघण्यापूर्वीं क्लीनरला मागें उभा करून ब्रेक दाबतो, आणि "लागला" असा आवाज आल्याखेरीज गाडी हालवीत नाहीं. त्या अनोळखी तरुणाचे आभार मानावयाचे मात्र राहून गेले, असें तो म्हणतो. तो तरुण आज ऐकत असेल, तर त्याच्या वतीनें मी ते येथें मानतों.