पारदर्शक माशातला क्षय



ॲक्वेरियमच्या दुकानात डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा हमखास दिसतो. तो झेब्राफिश. मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. क्षयरोगाच्या संशोधनात या माशाने बजावलेल्या कामगिरीविषयी आज बोलायचं आहे.

माशाला फुफ्फुसंच नाहीत, मग त्याला क्षय कसला? शंका रास्त आहे. पण माशांचा स्वतःचा असा क्षय असतो. त्याचा जंतू, मायकोबॅक्टेरियम मरायनम, १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडला. आपल्या क्षयजंतूचा हा जवळचा भाऊबंद. त्याला थंडावा मानवतो, म्हणून माणसाला त्याची लागण झालीच तर ती सहसा हाताच्या कातडीवरच्या गाठींवर थांबते; माशांच्या टाक्या साफ करणाऱ्यांना त्या होतात. माणसाच्या क्षयजंतूची संख्या दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. हा ते काम काही तासांत उरकतो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने केवढी सोय!

हा जंतू आणि हा मासा यांची जोडी जमवण्यात पुढाकार डॉ. ललिता रामकृष्णन यांचा. त्यांचं वैद्यकीय शिक्षण बडोद्याचं. पुढचं काम सिॲटल आणि केंब्रिजमध्ये. त्यांच्या लहानपणी आईला मणक्याचा क्षय झाला होता, म्हणजे हा आजार त्यांच्या घरातलाच.

झेब्राफिशची खरी किंमत त्याच्या पिल्लात आहे. पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. अंगावर रंग चढू नये म्हणून पाण्यात एक रसायन घालतात. मग गुंगी दिलेल्या, दीड-दोन दिवसांच्या जिवाला सूक्ष्मदर्शकाखाली आडवं करायचं आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने मेंदूच्या मागच्या भागातल्या पोकळीत थोडे जंतू सोडायचे. जंतू चमकणारे असतात. काही तासांत भक्षक पेशी तिथे पोचतात आणि जंतू गिळतात. हे सगळं जिवंत प्राण्यात, डोळ्यांदेखत घडतं. उंदीर किंवा गिनीपिग मारून, त्याचं फुफ्फुस कापून हे दिसलं नसतं. तिथे प्रत्येक वेळी एक थांबलेलं चित्र हाती येतं.

क्षयात भक्षक पेशींची दाटी होऊन गाठ बनते. शरीराने जंतूंना कोंडण्यासाठी बांधलेला हा किल्ला, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. माशात वेगळंच दिसलं. गिळलेले जंतू पेशीच्या पोटात वाढतात, पेशी मरते, ती साफ करायला नव्या पेशी धावतात आणि त्याही बाधित होतात. त्यातल्या काही बाहेर पडून जंतू दुसरीकडे नेतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ असा की सुरुवातीच्या टप्प्यात तरी या गाठीचा फायदा जंतूच उठवतो. बीसीजी लशीतला जंतू ज्या जनुकांच्या पट्ट्याला मुकलेला आहे, तोच पट्टा मरायनममधून काढला, की नव्या पेशी गाठीकडे धड येत नाहीत आणि जंतूही फारसा वाढत नाही. दंडावर टोचलेल्या त्या लशीची सौम्यता कशात आहे, याचं एक अंग माशाने असं उघडं केलं.

या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग २०१० साली सुरू झाला. दाह कमी-जास्त करणाऱ्या एका जनुकात बिघाड असलेले मासे क्षयाला लवकर बळी पडतात, हे दिसलं. गंमत म्हणजे दाह कमी पडला तरी जंतू माजतो आणि अती झाला तरी माजतो. अती दाहात भक्षक पेशीच फुटतात आणि जंतू मोकळे सुटतात. आपल्यातही हे जनुक आहे. व्हिएतनाममधल्या क्षयजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांत ते तपासलं, तेव्हा सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनचा फायदा जनुकाने अती दाहाकडे झुकलेल्यांना झालेला आढळला. औषध जनुक बघून द्यावं, हा विचार तिथून आला.

नंतरच्या अभ्यासांत हा दुवा कधी दिसला, कधी दिसला नाही. इंडोनेशियातल्या रुग्णांच्या एका अभ्यासात दिसला नाही. त्यामुळे क्षयजन्य मेंदूज्वराच्या नेहमीच्या उपचारात आजही हे जनुक न तपासताच स्टेरॉइड देतात.