मांडलिकांच्या मुलखात आपलं स्वागत



या, बठा! अहिराणीत एवढं म्हटलं की स्वागत पुरं होतं. पण संयोजकांनी मला बोलायला वेळ दिलाय आणि माझी बाजार समितीत आडत आहे. मिळालेलं माप आम्ही परत करत नाही.

परिषदेचा विषय प्राचीन राजसत्ता आणि त्यांचे संघर्ष. यादवांच्या पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली, होयसळ वीरबल्लाळाने त्याचा पराभव केला. जैत्रपाळाने काकतीयांच्या महादेवाला रणात मारलं, त्याच्या मुलाला, गणपतीला, कैदेतून सोडून गादीवर बसवलं. सिंघण माळव्यावर गेला, गुजरातवर गेला. या नावांवर आज-उद्या भरपूर निबंध वाचले जातील, चांगलंच आहे.

खान्देशातल्या आमच्या तालुक्यात मात्र कुणी सम्राट बसला नाही. देवगिरीचं पठार सोडून डोंगर उतरला की हा मुलूख लागतो. इथे राहिले ते मांडलिक. मोठ्यांच्या भांडणात यांना कुणाच्या तरी बाजूने उभं राहावंच लागे. इथून जवळच्या वाघळीचा शके ९९१ चा, म्हणजे इसवी सन १०६९ चा लेख पाहा. गोविंदराज नावाचा मौर्य तिथे यादव सेऊणचंद्राचा मांडलिक म्हणून भेटतो. मौर्य म्हणताच पाटलीपुत्र आठवणाऱ्यांनी जरा थांबावं. हे घराणं आपलं मूळ सौराष्ट्रातल्या वलभीला सांगतं. आणि खुद्द सेऊणचंद्र तरी कोण? कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक. पुढे तिथल्या भाऊबंदकीत त्याने सहाव्या विक्रमादित्याची बाजू घेतली आणि विक्रमादित्य गादीवर आला. मांडलिकाने धनी निवडला, तो असा.

मग इथल्याच पाटणचं निकुंभ घराणं. शके १०७५ च्या लेखात इंद्रराजाच्या पश्चात त्याची राणी श्रीदेवी लहान गोवनासाठी कारभार पाहताना दिसते. देवगिरीच्या कथा सांगताना या बाईंचं नाव कुणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

पण ज्या लेखामुळे पाटणला विद्वानांचे पाय लागतात तो १२०७ चा. तो भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर लिहिलं. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर जैत्रपाळाच्या दरबारी गेला, नातू चांगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, त्याला निकुंभ सोइदेवाने दान दिलं. भास्कराचार्य इथलेच की विजापूरकडचे, हा वाद कृपया माझ्यासमोर काढू नका. स्वागताध्यक्ष पक्षपाती आहे.

लेखाचा संस्कृत भाग अभ्यासकांनी वाचावा. मला शेवटचा जुन्या मराठीतला भाग आवडतो, कारण तिथे माझा धंदा आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा हक्क, गिऱ्हाइकाकडून काय, घाण्यामागे तेल किती, हे सगळं मठाला लावून दिलेलं. मठाचा दिवा कुणाच्या तेलावर जळणार, हे नावनिशीवार नसलं तरी दरानिशी ठरलेलं. धनी सिंघण तिकडे सरहद्दींवर लढत होता आणि घाटाखालचा त्याचा मांडलिक गणिताच्या शाळेला बाजारातून उत्पन्न बांधून देत होता. लढाईचा खर्च आणि शाळेचा खर्च एकाच रयतेकडून निघत होता, हेही विसरू नये. १२२२ मध्ये भास्कराचार्यांच्याच घराण्यातल्या अनंतदेवाने गिरणाकाठी बहाळला भवानीचं मंदिर बांधलं. तोही सिंघणाचाच ज्योतिषी.

म्हणून अध्यक्ष महोदय, माझं एक मागणं आहे. उद्याच्या चर्चेत एक तास मांडलिकांना द्या. कोणी कोणाला हरवलं हे प्रशस्त्या सांगतातच, तेही आपल्या धन्याच्या सोयीने. हरणाऱ्या-जिंकणाऱ्यांच्या मध्ये ज्यांचा मुलूख होता त्यांनी कर कसा बसवला, दान कशाला दिलं, आधार कुणाचा घेतला, हे वाघळी, पाटण आणि बहाळचे दगड बोलतात. तिन्ही गावं याच तालुक्यात आहेत.

पाटणादेवीच्या गाड्या परवा सकाळी सहाला सुटतील. वर पितळखोऱ्याला जायचं असेल त्यांनी चांगल्या चपला घालाव्यात, वाट दगडांची आहे. रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. तिखट सोसत नसेल तर आत्ताच स्वयंसेवकांना सांगा, नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.