घरी परतलेला खांब

मंडळी, आज एका खांबाची हकीकत सांगतो. खांब लाकडी, उंची 9 मीटर. एकावर एक पाच माणसे उभी राहिली, तर तेवढी उंची होईल.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर हायस्ला नावाचे लोक राहतात. ते तेथले मूळचे रहिवासी. तिकडे सीडर नावाचे उंच, सरळ झाड असते. पूर्वी त्याच्याच फळ्यांची घरे, त्याच्याच होड्या आणि त्याचेच कोरीव खांब. खांबांवर अस्वल, कावळा, मासा अशा आकृती कोरतात. आपल्याला वाटेल, हे त्यांचे देव असतील. तसे नव्हे. त्या कुळाच्या खुणा. कूळ कोणते, त्यावर काय प्रसंग आला, हे जाणत्याला त्यावरून कळते. ती त्यांची पोथीच म्हणा ना!

आपला हा खांब 1872 सालचा. गिप्सगोलोक्स नावाच्या सरदाराची मुलेबाळे देवीच्या साथीत गेली. त्यांच्या आठवणीसाठी त्याने मिस्कुसा गावी तो उभा केला.

1929 साली स्वीडन देशाच्या तेथील वकिलाने तो तोडून नेला. घरच्यांची संमती नव्हती. खांब स्टॉकहोमच्या संग्रहालयात गेला. पुष्कळ वर्षे तर गोदामातच पडून होता. इकडे त्या लोकांना पत्ताच नाही! 1991 साली तो सापडला. त्यांनी तो परत मागितला, आणि त्याच्या बदली तसाच नवा खांब कोरून देऊ केला. 1994 साली स्वीडन सरकार कबूल झाले. 2000 साली नवा खांब तयारही झाला.

पण संग्रहालय म्हणाले, लाकूड कुजू नये अशी खास इमारत आधी बांधा. पैसा आणायचा कोठून? शिवाय त्यांची रीत निराळी. खांब उभा राहतो, वाकतो, पडतो, मातीत मिळतो.

मी मास्तर माणूस. जुनी वस्तू जपावी, हेच जन्मभर मुलांना सांगितले. म्हणून मला आधी संग्रहालयाचेच पटले, खोटे कशाला बोलू? पण मग मनात आले, आपल्या मेलेल्या लेकरांच्या खुणेचे काय करायचे, हे परक्याने का ठरवावे?

2006 साली खांब परत आला. काही काळ त्याला किटिमाट गावच्या बाजाराच्या इमारतीत ठेवला होता. 2012 साली त्याला मिस्कुसाला नेले. तेथे 2000 सालीच त्याचा जोडीदार, एक नवा खांब, उभा केलेला होता. जुना मात्र पुन्हा उभा केला नाही. त्याला मातीत मिळू द्यायचे ठरले.