मौद्यात भेटणारा ‘रन’

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, कन्हान नदीच्या काठी, मौदा हे तालुक्याचं गाव लागतं. धानाची शेती, राईस मिल, पेंचचा कालवा आणि एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र, हे सगळं या एका परिसरात आहे. आज मी एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलणार आहे आणि त्यासाठी मला मौद्याबाहेर फारसं जावं लागणार नाही. ते क्रियापद आहे ‘रन’.

‘रन’ म्हणजे काय, असं शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. ‘धावणे’ हे उत्तर तोंडावर तयार असतं. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि चित्रातला धावणारा मुलगा दाखवून हा शब्द शिकवला जाऊ लागला. सुरुवात म्हणून त्यात काही चूक नाही. अडचण पुढे येते. सहावी-सातवीत वाक्य येतं, ‘माय अंकल रन्स अ शॉप’. काका दुकान धावतो? मूल थबकतं. मग येतं, ‘द कॅनाल रन्स थ्रू अवर व्हिलेज’. गावातून कालवा धावतो? मूल गप्प बसतं, आणि आपण शेरा मारतो की याचं इंग्रजी कच्चं आहे. माझ्या मते त्या मुलाचं काही कच्चं नाही. आपण त्याला एका शब्दासमोर एकच शब्द दिला आणि तिथेच थांबलो.

कोशकारांनासुद्धा या छोट्या शब्दांनी फार छळलं आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत ते या साध्या, रोजच्या क्रियापदांची वेगळी यादी देतात आणि यांचे अर्थ पकडणं किती कठीण आहे ते सांगतात. त्या यादीत ‘रन’ आहे. त्यांच्या कोशात एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ आहेत. पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सगळ्यात लांब नोंद होती ‘सेट’ची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ‘सेट’च पुढे होता. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात मात्र ‘रन’ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि अर्थ भरले ६४५. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत इंजिन आलं, आगगाडी आली, माग आणि पंप आले, संगणक आला. या प्रत्येकाच्या कामाला इंग्रजांनी ‘रन’ हाच शब्द लावला. शब्द फुगला तो असा.

आता मौद्याच्या वीज केंद्राकडे या. पहिल्या टप्प्यातले ५०० मेगावॅटचे दोन संच आणि दुसऱ्या टप्प्यातले ६६० मेगावॅटचे दोन, अशी त्याची क्षमता २३२० मेगावॅट आहे. आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशा संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. टर्बाइन जागचं हलत नाही, तरी इंग्रजीत ते ‘रन’ होतं. तिथला कामगार, मग तो दहावीपर्यंत शिकलेला का असेना, ‘हा पंप रनिंगमध्ये आहे, तो स्टँडबाय आहे’ असं सहज बोलतो. एक पंप चालता, दुसरा वेळेला हजर राहावा म्हणून उभा. शाळेत ज्याला ‘रन’चा दुसरा अर्थ कुणी सांगितला नाही, तो माणूस कारखान्यात तो अर्थ चार दिवसांत शिकतो. कारण तिथे शब्दाबरोबर वस्तू समोर असते.

या केंद्राला लागणाऱ्या कोळशाच्या धंद्यात ‘आरओएम’ हा शब्द आहे. त्याचा विस्तार ‘रन ऑफ माइन’, म्हणजे खाणीतून निघाला तसा, न चाळलेला, न निवडलेला कोळसा. त्याचा भाऊ म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. गिरणीतून जो माल जसा निघेल तसा, प्रतवारी न केलेला. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सर्वसाधारण, विशेष काही नसलेला’ असा झाला. पुस्तकातून हा वाक्प्रचार पाठ करायला जड जातो. पण राईस मिलमधून कणी आणि अख्खा तांदूळ एकत्र बाहेर पडताना ज्याने पाहिला आहे, त्या मौद्याच्या मुलाला तो एका दमात समजेल.

पण या भाषणात मला ज्याच्यावर जास्त बोलायचं आहे ते वेगळंच आहे. इंग्रजीत हा असा सर्वव्यापी शब्द आहे हे ऐकून आपल्याला दडपण येतं. ते येण्याचं कारण नाही, कारण तसाच एक शब्द त्या मुलाच्या तोंडात जन्मापासून आहे. तो म्हणजे ‘चालणे’. माणूस चालतो. घड्याळ चालतं. मोटारपंप चालतो, दुकान चालतं, शाळा चालते, खटला चालतो, संसार चालतो. फाटकी नोट चालत नाही. बाजारात एखाद्याचा शब्द चालतो. ‘उद्या आलो तर चालेल का?’ असं विचारलं की समोरचा म्हणतो, ‘चालेल’. मराठी मुलाला या प्रत्येक ठिकाणचा अर्थ कुणी शिकवलेला नाही. तरी तो चुकत नाही. जो एवढं पेलतो त्याला ‘रन’ पेलणार नाही, असं कसं म्हणायचं?

यंत्र, दुकान, संस्था, व्यवहार यांच्या बाबतीत इंग्रजीला जिथे धावायचं असतं तिथे मराठी चालते. ही एक किल्ली दिली तरी निम्मं काम होतं. बाकीचं निम्मं मात्र असं सरळ जुळत नाही. पाणी ‘रन’ होतं तेव्हा आपण म्हणतो, वाहतं. नाक ‘रन’ होतं तेव्हाही वाहतंच. कपड्याचा रंग ‘रन’ झाला तर आपण म्हणतो, रंग गेला. नागपूर-भंडारा रस्ता ‘रन’ होतो, आपल्याकडे तो जातो. शेताच्या उतारावरून निघून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला इंग्रजीत ‘रनऑफ’ म्हणतात. आपल्या कृषितज्ज्ञांनी त्याला ‘अपधाव’ हा फार नेमका शब्द दिला. इथे मराठीनेही धाव घेतली आहे.

निवडणुकीची गोष्ट तर सांगायलाच हवी. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, इंग्लंडातला ‘स्टँड’ करतो. आणि आपल्या ग्रामपंचायतीला माणूस उभाच राहतो. एकाच कामासाठी एक जण पळतो, दोघे उभे राहतात. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या ध्यानात येतं, कुठलीही भाषा दुसरीची नक्कल करत नाही, प्रत्येक भाषा आपापल्या नजरेनं पाहते.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना एक ठिकाण चांगलं ठाऊक आहे जिथे मराठीने ‘रन’ला हुबेहूब उत्तर दिलं, ते म्हणजे क्रिकेटचं मैदान. धावा, धावबाद, धावफलक, धावसंख्या. बाळ ज. पंडितांसारख्यांनी रेडिओवरून मराठीत धावतं समालोचन केलं आणि हे शब्द घराघरात गेले. आज खेड्यातला मुलगा ‘रन आउट’ही म्हणतो आणि ‘धावबाद’ही. दोन्ही त्याचेच आहेत.

आता आपल्या भागाच्या बोलीबद्दल. नागपूरकडे आपण म्हणतो, ‘तो काय करून राहिला?’, ‘पाणी येऊन राहिलं’, ‘मशीन चालून राहिली’. शाळेत हे ‘अशुद्ध’ म्हणून खोडलं जातं. परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहावी, हे मान्य. पण इंग्रजीच्या तासाला हीच बोली मोठी मदतनीस आहे. इंग्रजीत ‘द मशीन रन्स’ आणि ‘द मशीन इज रनिंग’ यांत फरक आहे. पहिल्यात मशीन चालती आहे, बिघडलेली नाही, एवढंच सांगायचं. दुसऱ्यात ती या घडीला चालू आहे. मौद्याचं पोर हा फरक रोज करतं. ‘मशीन चालते’ वेगळं आणि ‘मशीन चालून राहिली’ वेगळं. त्याला ‘चालून राहिली म्हणजे इज रनिंग’ एवढं सांगा, व्याकरणाचा अर्धा तास वाचतो. जी रचना आपण लाल शाईने खोडतो, तिच्या आधाराने इंग्रजीतला एक अवघड काळ सोपा होतो. हे मला शिक्षकांना मनापासून सांगायचं आहे.

एक इशारा मात्र लागेल. ‘मले समजून राहिलं’ असं आपण म्हणतो, म्हणून मूल ‘आय अॅम अंडरस्टँडिंग’ म्हणेल, आणि तिथे इंग्रजी सहसा साधा काळ घेते. कळणं, आवडणं, माहीत असणं अशी मनाची क्रियापदं बाजूला काढून ठेवावीत. हात, पाय, पाणी आणि यंत्र यांच्या क्रियापदांना ही किल्ली बिनधास्त लावावी.

तरीही प्रश्न उरतो, ६४५ अर्थांतले शिकवायचे कोणते? याचं उत्तर शोधणारा माणूस ब्रिटिशकालीन बंगालमध्ये काम करून गेला. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षण खात्यात होते. खेड्यापाड्यातल्या बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी शब्द मोजून, निवडून वाचनमाला लिहिल्या. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तिचं वैशिष्ट्य असं, की शब्द किती वेळा येतो एवढंच तिथे सांगितलेलं नाही, त्या शब्दाचा कुठला अर्थ किती प्रमाणात येतो हेही दिलं आहे. अर्थ मोजावेत, जो जास्त भेटतो तो आधी शिकवावा, हा विचार मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. त्याच विचाराने मौद्याच्या शिक्षकाने आपली यादी करावी. धावणारा माणूस, चालणारं यंत्र, वाहणारं पाणी, चालवलेलं दुकान. पहिल्या दोन-तीन वर्षांत एवढे चार अर्थ पक्के झाले तरी पुरे. आणि एक पथ्य पाळावं. वहीत ‘रन’ एकटा लिहून घेऊ नये. ‘रन अ शॉप’, ‘द पंप इज रनिंग’, ‘वॉटर रन्स’, अशी सोबत्यासकट नोंद असावी.

राहिला तो सगळ्यांत कठीण भाग, ‘रन आउट ऑफ’, ‘रन इन्टू’, ‘रन ओव्हर’ यांचा. घरातलं मीठ संपलं, बाजारात अचानक कुणी भेटलं, अंगावरून गाडी गेली, या तीन गोष्टींत ‘रन’ तोच, शेपटी बदलली की अर्थ बदलतो. इथेही आपल्याच भाषेपासून सुरुवात करावी. शत्रू चालून आला आणि संधी चालून आली. दोन्हीकडे ‘चालून येणे’ आहे, एकात भीती, दुसऱ्यात आनंद. आळस मी चालवून घेणार नाही. ‘चालता हो’ म्हटलं की माणूस निघून जातो. कामाला चालना दिली की ते पुढे सरकतं. आठवीच्या वर्गात आधी ही वाक्यं फळ्यावर लिहावीत, मुलांना अर्थ विचारावेत आणि मग त्याच फळ्यावर, उरलेल्या जागेत, ‘रन आउट ऑफ’ लिहावं.