टेबलावरचा संगणक आणि त्याच्या नेहमीच्या खोडी



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की संप, बोनस, नाहीतर महागाई ऐकावयास मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल. आणि तेही मोठमोठ्या कंपन्यांतील नव्हे, तर पेढीच्या, सोसायटीच्या, संघटनेच्या कचेरीत टेबलावर जो संगणक असतो, त्यावर एक खिडकी उघडून चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमबद्दल. तो लिहिताना ज्या अडचणी घरोघर येतात त्या ओळखाव्यात कशा आणि सोडवाव्यात कशा, एवढाच विषय. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला थांबले. पुढचे मागावर झाले, आणि त्यापुढचे रात्री, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून होणार नाही. ती येथे कोणाला नकोही असेल.

हा विषय सोलापूरला परका आहे असे मात्र समजू नका. आपल्या चादरीवर जो मोर उमटतो तो जकार्डच्या पत्त्यांमुळे. फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याचा एक पत्ता म्हणजे आडव्या सुताची एक फेक. पत्त्याला जेथे भोक आहे तेथे सुई आत जाते, तिचा आकडा पातीवर अडकलेला राहतो आणि उभे सूत वर उचलले जाते. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, सूत खालीच राहते. आहे किंवा नाही, एवढीच भाषा. तिच्यातून मोर, कमळ आणि बाळाचे नावसुद्धा विणता येते. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणितयंत्रासाठी हेच पत्ते योजिले होते. त्याच्याजवळ रेशमात विणलेले जकार्डचे एक चित्र होते. ते विणण्यास सुमारे चोवीस हजार पत्ते लागले होते. पुढे अमेरिकेत १८९० ची खानेसुमारी हर्मन हॉलरिथच्या भोकाच्या पत्त्यांवर मोजली गेली. संगणकाच्या घराण्यात विणकर हा असा जुना पाहुणा आहे.

मागावर काम केलेल्याला एक गोष्ट पाठ असते. चादरीत दर हातभर अंतरावर तोच दोष दिसू लागला, तर सुताला शिव्या देऊन उपयोग नाही. पत्त्यांच्या माळेत कोठेतरी एक भोक चुकले आहे. पत्ता दुरुस्त केला नाही आणि कापडच रफू करीत बसलो, तर जन्मभर रफू करावे लागेल. प्रोग्रॅमचेही तंतोतंत असेच आहे. तरीसुद्धा कचेऱ्या-कचेऱ्यांतून काय चालते? आकडा चुकला की कारकून तो हाताने खोडून बरोबर लिहितो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खोडतो. कामगार विचारावयास गेला तर उत्तर मिळते, "संगणक असे म्हणतो." संगणक काही म्हणत नसतो. कोणीतरी माणसाने कधीतरी एक आज्ञा लिहिलेली असते, आणि ती आज्ञा दाखवा असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

पैशापासून सुरुवात करू. समजा, हजार विड्यांना २१३ रुपये ७५ पैसे दर आहे, आणि एका बाईने दिवसाला ६५० विड्या वळल्या. हिशेब सरळ आहे: ६५० भागिले १०००, गुणिले दर. पण पुष्कळ संगणकी भाषांत दोन पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तरही पूर्णांकच मिळते; ६५० ला १००० ने भागले की शून्य! शून्याला कितीही दराने गुणा, मजुरी शून्यच. ही चूक पहिल्याच दिवशी दिसते, म्हणून ती गरीब चूक. डामरट चूक निराळी आहे. बरोबर मजुरी होते १३८ रुपये ९३ पैसे आणि वर पाऊण पैसा. आता एखाद्याने हा आकडा रोजच्या रोज पूर्ण रुपयात बसविताना वरचे पैसे नुसते कापून टाकले, तर मिळतात १३८. दिवसाला जवळजवळ ९४ पैसे गेले, कोण ओरडणार? पंचवीस दिवसांत ते २३ रुपये ४४ पैसे होतात. कारखान्यात अशा पाचशे बाया असल्या, तर महिन्याला ११ हजार ७०० रुपयांवर रक्कम कोणाच्याही खिशातून न काढता निघून जाते. ती कोणी चोरली असे म्हणता येत नाही, आणि ती बायांना मिळालीही नाही. येथे प्रश्न तंत्राचा की वाटाघाटीचा? आमचे मत असे आहे की पैसे कोठे कापावयाचे, रोज, आठवड्याला की महिन्याला, हे करारात लिहून घ्यावे आणि मग प्रोग्रॅममध्ये लिहावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने ते एकट्याने ठरवू नये.

याच घरातली दुसरी खोड अशी की संगणकाला दशांश अपूर्णांक नीट लिहिता येत नाहीत. आपल्याला एक-तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येतो का? ०.३३३ असे लिहीतच जावे लागते. संगणक दोनाच्या पटीत मोजतो, म्हणून त्याला एक-दशांशसुद्धा पुरा लिहिता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने ०.१ दहा वेळा मिळविले तर बेरीज बरोबर १ न येता केसभर कमी येते, आणि 'बेरीज एक झाली काय?' असे विचारले तर तो 'नाही' म्हणतो. उपाय आपल्या आजोबांचाच आहे. रुपये-अपूर्णांकात न मोजता सगळे पैशात, पूर्णांकात मोजावे. आधी गुणाकार करावा, भागाकार शेवटी. ६५० गुणिले २१,३७५ पैसे, मग भागिले १०००. खालचा पाऊण पैसा कोठे धरावयाचा ते करार सांगेल.

आता अक्षरे. मराठी माणसाने संगणकावर जेवढे हाल काढले तेवढे क्वचितच कोणी काढले असतील. पूर्वी दर फाँटचा आपापला गुप्त कारभार असे. वरून 'संघटना' दिसते, पण आत साठविलेली असतात इंग्रजी खुणांची गिचमिड. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की सभासदांची यादी म्हणजे मांत्रिकाचा ताईत. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचा अक्षरसंकेत मान्य केला, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. आज नवा प्रोग्रॅम लिहिताना युनिकोडशिवाय दुसरे काही वापरू नये. जुन्या फाइली एकदाच काय त्या बदलून घ्याव्यात, मूळ प्रत जपून ठेवावी, आणि बदललेली यादी कोणाला तरी मोठ्याने वाचावयास लावावी. डोळा फसतो, कान सहसा फसत नाही.

युनिकोड आले म्हणजे सगळे संपले, असेही नाही. आपल्याला 'क्षि' हे एक अक्षर वाटते. संगणकाच्या लेखी ती चार चिन्हे आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. पावतीवर जागा कमी म्हणून प्रोग्रॅमने नाव वीस चिन्हांवर कापले, तर एखाद्या बाईच्या नावाचा पाय मोडलेला छापून येतो. कापावयाचेच तर पूर्ण अक्षरावर कापावे. त्याची तयार सोय बहुतेक भाषांतून मिळते. आणि 'कऱ्हाड' घ्या. यातला 'ऱ' एका चिन्हाने लिहिता येतो, 'र' खाली टिंब देऊन दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालूनही तेच रूप उमटविता येते. कागदावर तिन्ही सारखे, यंत्राला तीन निराळे. मग कारकून नाव शोधतो आणि संगणक सांगतो, 'सापडत नाही.' माणूस समोर उभा, आणि सापडत नाही! पहिल्या दोन रूपांचे एकीकरण करण्याची ठरलेली रीत युनिकोडमध्येच आहे, आणि तिसऱ्यासाठी एक ओळ स्वतः लिहावी लागते. नाव यादीत घालताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, ही चाळणी लावावी.

क्रमाचेही असेच. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो. संकेतांच्या रांगेत तो 'ल'ला चिकटून बसला आहे. म्हणून कच्च्या प्रोग्रॅममध्ये काळे हे कावळ्यांच्या आधी लागतात, आणि सभासद यादीच्या भलत्या टोकाला स्वतःला शोधत बसतो. क्रम मराठीचा हवा, असे यंत्राला सांगावे लागते. सांगितले तर ते ऐकते.

खिडकी गोठते, ज्याला सारे 'हँग झाला' म्हणतात, तिची गोष्ट थोडक्यात सांगतो. रेशनच्या दुकानात काउंटरवर एकच माणूस आहे आणि तोच पोती आणावयास गोदामात गेला, तर रांगेने कोणाशी बोलावे? प्रोग्रॅममध्ये खिडकी रंगविणारा आणि बटणाचा आवाज ऐकणारा हात एकच असतो. त्यालाच चार हजार नावांची यादी वाचावयास धाडले की खिडकी मुकी होते. जड काम दुसऱ्या हाताकडे द्यावे. मात्र त्या दुसऱ्याने खिडकीला स्वतः हात न लावता काउंटरवाल्याला निरोप द्यावा. आणि काम चालू आहे तोवर बटण बंद ठेवावे. नाहीतर अधीर माणूस तीनदा दाबतो आणि वर्गणीच्या तीन पावत्या निघतात.

भारनियमनाचे दिवस येथे बसलेल्या सर्वांना आठवत असतील. फाइल लिहिता लिहिता वीज गेली की जुनी फाइल अर्धी पुसलेली आणि नवी अर्धी लिहिलेली, म्हणजे दोन्ही गेल्या. यावरची रीत अशी: जुनीला धक्का न लावता शेजारी नवी फाइल पूर्ण लिहावी, ती खरोखर तबकडीवर उतरल्याची खात्री करावी, आणि मगच तिला जुनीचे नाव द्यावे. डेटाबेस वापरीत असाल तर पैसे जमा करणे आणि पावती फाडणे या दोन गोष्टी एका गाठीत बांधाव्यात. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. वीज आता पूर्वीइतकी जात नाही, म्हणून ही काळजी सोडावी असे काही तरुण म्हणतात. अग्निशामक बंबाविषयी ते असे म्हणत नाहीत, हे बरे.

चूक शोधावी कशी, याला मात्र आम्ही थोडा वेळ देणार, कारण हा आमच्या धंद्याचा भाग आहे. कामगार येऊन 'अन्याय झाला' म्हणतो तेव्हा आम्ही लगेच मोर्चा काढीत नाही. कोणत्या पाळीला, कोणत्या मागावर, मुकादम काय शब्द बोलला, शेजारी कोण होते, हे आधी लिहून घेतो. 'प्रोग्रॅम चालत नाही' ही तक्रार नव्हे. काय दाबले, काय व्हावयास हवे होते, काय झाले, पडद्यावर कोणती अक्षरे आली, ती जशीच्या तशी लिहावीत. येथे लोक काय करतात? इंग्रजी दिसले की घाबरून ती सूचना मिटवितात! अपराध्याने सही करून ठेवलेला कबुलीजबाबच आपण फाडून टाकतो. नंतर तीच चूक मुद्दाम पुन्हा घडवून पाहावी. जी पुन्हा घडविता येते ती निम्मी सुटली. मग अर्धे करीत जावे. चार हजार नावांच्या यादीत कोठेतरी अडते आहे, तर पहिली दोन हजार देऊन पाहा. तेथे अडले नाही तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. असे बारा वेळा केले की नेमके एक नाव हाती येते. पत्त्यांच्या माळेतला चुकार पत्ताही असाच शोधतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाच बदलल्या आणि प्रोग्रॅम चालू लागला, तर कशामुळे हे कधीच कळत नाही, आणि दिवाळीच्या बोनसाच्या आठवड्यात तो पुन्हा बंद पडतो.

राहिली ओळख. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात. एकच बाई घरी एका नावाची, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या, रेशनकार्डावर तिसऱ्या. तेव्हा नाव म्हणजे ओळख असे जो प्रोग्रॅम धरतो तो येथे फसणारच. नाव आणि जन्मतारीख मिळून ओळख धरावी, असे शहाणे सांगतात. त्यांना आमच्या पिढीचा १ जून ठाऊक नसावा! शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख दिली. या सभागृहातही पुष्कळ असतील.

एका कारखान्यात दोन बाया होत्या. नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख १ जून, सालही एकच. तेथील प्रोग्रॅमने दोघींना एकच बाई ठरविले. एकीच्या खात्यावर दोघींची वर्षे जमा झाली. दुसरी निवृत्त होताना अर्ज घेऊन गेली तर तिची नोकरीच नाही. कारकून म्हणाला, संगणक असे म्हणतो. आम्ही एवढेच विचारले की हा प्रोग्रॅम दोन माणसे कशावरून वेगळी समजतो? प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा आला. भला होता, त्याने दहा मिनिटांत ती ओळ काढून दाखविली. ओळ बदलावयास आणखी दहा मिनिटे लागली. पण मिसळून गेलेली अकरा वर्षे वेगळी काढावयास तीन आठवडे लागले, तीही हाताने लिहिलेली मस्टरे माळ्यावर शिल्लक होती म्हणून. आता तेथे प्रत्येकीला एक क्रमांक आहे. तो एकदा दिला की बदलत नाही आणि दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही. नाव कसेही लिहा. नाव आणि तारीख जुळणारी दुसरी व्यक्ती आली की प्रोग्रॅम स्वतः काही ठरवीत नाही. लाल पट्टी दाखवून थांबतो आणि कारकुनाला विचारतो. जुन्या नोंदी पुन्हा चालविल्या तेव्हा त्या पट्टीखाली आणखी बऱ्याच जोड्या निघाल्या. आमच्या कचेरीतली मुले सध्या रोज संध्याकाळी त्या एकेक करून मस्टराशी ताडून पाहत आहेत.