पहिले पुस्तक सौम्य असावे
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या संदर्भात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निजामी राजवटीत मराठवाड्याच्या सरकारी शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते. आपल्या भाषेतील पुस्तक शाळेत हाती येणे ही तेव्हा सहज गोष्ट नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९६७ साली ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि मराठी पाठ्यपुस्तक वाडीवस्तीपर्यंत पोचले. आता प्रश्न आहे तो त्यापुढच्या पायरीचा. पाठ्यपुस्तक अक्षरओळख करून देते. पण वाचनाची गोडी लागते ती गोष्टीच्या पुस्तकाने. ज्याचे पहिलेच पुस्तक अवघड निघते, ते मूल पुस्तकाला दोष देत नाही. वाचन आपल्याला जमणारच नाही, अशी त्याची समजूत होते. म्हणून पहिल्या पुस्तकाची निवड काळजीपूर्वक व्हावयास हवी.

सोपे म्हणजे काय?

सोपे पुस्तक म्हणजे केवळ कानामात्रा नसलेल्या शब्दांचे पुस्तक नव्हे. ‘कमल, घर बघ’ अशा वाक्यांनी सराव होतो, गोष्ट होत नाही. वाक्य बोलण्यातले असावे, मात्र लहान असावे. एका पानावर एकदोन ओळी, ठसठशीत टाईप आणि मजकुराचा अर्थ सांगणारे चित्र असावे. जोडाक्षरे थोडी असावीत. ‘र’चे उदाहरण घ्यावे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ व ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत तो चार निरनिराळ्या रूपांत येतो. ही सर्व रूपे एकाच पानावर आली, तर नवशिक्या वाचकाची वाट अडते.

शब्दांची पुनरावृत्ती हा दोष न मानता गुण मानावा. काऊ-चिऊची किंवा म्हातारी-भोपळ्याची गोष्ट मुलाला आधीच ठाऊक असते; त्यात तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. पुढचा शब्द ओळखता आला की मुलाची हिंमत वाढते. भोपळ्याच्या गोष्टीत वाघाची भीती आहे खरी, परंतु म्हातारी युक्तीने सुखरूप सुटते. सौम्य गोष्टीत संकट येऊ नये असे नाही. गोष्ट संपताना मूल निर्धास्त व्हावे, एवढेच. चूक करणाऱ्या मुलाला कठोर शिक्षा देऊन उपदेश करणारी पुस्तके मात्र पहिल्या वर्षी दूर ठेवलेली बरी.

घरची भाषा, शाळेची भाषा

नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, तर लातूर जिल्ह्यात उदगीर, देवणी, निलंगा या भागांत कन्नड. तांड्यांवर गोरमाटी, तर किनवटच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी ऐकू येते. अशा मुलांना लिपी नवी असतेच, शिवाय शब्दही नवे असतात. त्यांच्या पहिल्या पुस्तकात शेळी, विहीर, भाकर, बाजार, एसटी अशी ओळखीची चित्रे असावीत. बर्फातला पेंग्विन नंतर भेटला तरी चालेल. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मराठी, तेलुगू व कन्नड गोष्टी वाचनस्तरांनुसार विनामूल्य उपलब्ध आहेत. एकच गोष्ट आधी घरच्या भाषेत ऐकवून मग मराठीत वाचावयास देता येते.

खरेदी आणि कपाट

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले असून, त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधावयाचे तर वर्षअखेरीस गठ्ठ्याने खरेदी करून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने खरेदीपूर्वी नमुन्याची पुस्तके पहिली-दुसरीच्या मुलांपुढे ठेवावीत. दहा शब्दांत दोन-तीन शब्द अडले, तर ते पुस्तक सध्या शिक्षकांनी वाचून दाखवावे. एकही शब्द न अडता वाचून जे पुस्तक मूल पुन्हा मागते, ते त्याच्या हाती देण्याजोगे समजावे.

पुस्तक फाटेल आणि हिशेब द्यावा लागेल, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. अधिकाऱ्यांनी येथे उदार दृष्टी ठेवावी. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांचे निर्लेखन नियमानुसार व वेळेवर होत गेले, तर शिक्षकांची धास्ती उरणार नाही. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर निघालेल्या मुलाच्या पिशवीतही दोन पुस्तके जाऊ द्यावीत. त्यांतील एखादे परत आले नाही, तरी त्याच्या जोरावर मुलाचे वाचन टिकून राहिले असेल, तर पंचायतीचा तो खर्च सार्थकी लागला असे मानण्यास प्रत्यवाय नाही.